बशीर सरांचे तोतये

बशीर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात मेसमधला लोखंडी डाव होता आणि त्या डावाने ते एका माणसाला मारत होते.

सौदीतल्या जुबैलच्या एका फॅब्रिकेशन यार्डात ड्राफ्ट्समन म्हणून मी त्याच दुपारी रुजू व्हायला आलो होतो. बॅग हातातच होती. कॅम्पच्या मेसच्या दारात दोन फिटर एकमेकांना भिडले होते. एक नेपाळी, दिलबहादूर. दुसरा सिवानचा रामसेवक. रामसेवकच्या हातात ग्राइंडरची तुटकी चकती होती आणि दिलबहादूरच्या कानाखालून रक्त वाहत होतं. भोवती पन्नासेक माणसं नुसती बघत उभी. त्या कोंडाळ्यातून एक आडवातिडवा, पांढऱ्या दाढीचा माणूस लुंगी सावरत आला. पहिला फटका त्याने रामसेवकच्या मनगटावर घातला, दुसरा दिलबहादूरच्या खांद्यावर. चकती खाली पडली. मग शाळेतल्या पोरांना धरावं तसं दोघांना कानाला धरून त्याने बाकावर बसवलं आणि त्यांच्यापुढे भाताची ताटं आपटली.

"खाओ," तो म्हणाला. "खाते खाते सुनो. इंग्लंड में एक ड्यूक था. बोला, गद्दी मेरी है. लड़ाई में मर गया. दुश्मन ने उसका सिर काटा, उसी के शहर के दरवाजे पे टांगा, और ऊपर कागज का ताज रखा. गद्दी के लिए. तुम काहे के लिए लड़ रहे हो?"

रामसेवक खाली मान घालून म्हणाला, "पंखे के नीचे वाले पलंग के लिए."

"पलंग आज से मेरा," तो माणूस म्हणाला, आणि माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत विचारलं, "तू सावंत ना? देवरुखकडचा? जेवलास काय?"

हे बशीर दळवी, आमचे कॅम्प बॉस. कोण कुठे झोपणार, काय खाणार, कोणाला ताप आहे, कोण पिऊन आला आहे, हे सगळं त्यांच्याकडे. पण त्यांना कॅम्प बॉस कोणी म्हणत नसे. दापोलीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं इतिहास शिकवला होता आणि इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळे त्यांना सर म्हणायला लागले होते. नोकरी का सोडली, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. त्यांची जागा कायम व्हायची होती, तिच्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या आला. सरांनी त्याला स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, दोन थोबाडीत दिल्या. "पुतण्याचा काय दोष होता सांग," ते म्हणाले. "त्याला बसवला तिथे तो बसला. मारायला हवं होतं काकाला. पण काका उंचावर असतो रे, हात पोचत नाही."

सरांचा हात फार लवकर उठायचा. त्यात काही थोरपण नव्हतं आणि सरांनीही कधी तसं मानलं नाही. ज्याला मारलं त्याची माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्याऐवजी पुढचा आठवडाभर त्या माणसाचा यार्डावर न्यायचा डबा ते स्वतः भरायचे, आणि त्यात कालवणाची सगळ्यात मोठी तुकडी असायची. कॅम्पमध्ये एखाद्याच्या डब्यात हमूर माशाचं डोकं निघालं की बाकीचे विचारायचे, "कहां लगा?"

त्यांच्या आयुष्यात एकच वेड होतं, तोतये. याची सुरुवात घरातच झाली होती. पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ परत आले म्हणून एक तोतया कोकणात उभा राहिला होता, रत्नागिरीचा किल्लाही त्याच्या हाती गेला होता. सरांच्या घरात सांगत की त्यांचे कोणी खापरपणजोबा तेव्हा त्याच्या गलबतावर होते. तोतया धरला गेला, मारला गेला. त्याच्याबरोबरच्या खलाशांचं काय झालं, ते कोणीच सांगत नसे. "मी वाडवडलांना विचारायचो, आपला माणूस कुठे पुरला? सगळे गप्प. मग कॉलेजात इंग्लंडचा इतिहास हाती आला आणि बघतो तर तिथे तोतयांचं सगळं पीकच." त्यावर त्यांना प्रबंध लिहायचा होता. तोही गाइडशी भांडण होऊन राहिला.

शुक्रवारी सकाळी सर बाजारातून मासे आणून मेसच्या मागच्या ओट्यावर स्वतः कापायला बसत. तीच त्यांची वर्गाची वेळ. वेल्डर, फिटर, ड्रायव्हर बादल्या उपड्या घालून भोवती बसायचे. सर एका बाजूला शेरी माशाचे खवले काढत आणि दुसऱ्या बाजूने राजेलोकांची कत्तल चालू. काकाने गादी बळकावली आणि किल्ल्यात ठेवलेले दोन लहान राजपुत्र पुन्हा कोणाला दिसले नाहीत, हे सांगताना त्यांची सुरी थांबायची. ओट्यावरून रक्ताचं पाणी पन्हाळीत जात राहायचं.

ते राजपुत्र नाहीसे झाले म्हणूनच पुढे तोतये उगवले. पहिला सिमनेल. जेमतेम दहा वर्षांचं पोर. एका पाद्र्याने त्याला राजघराण्यातला म्हणून घडवलं, डब्लिनमध्ये नेऊन त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. त्याच्यासाठी आयर्लंडचे उघडे-वाघडे लोक लढाईला आले आणि बाणांनी अक्षरशः भोसकले गेले. राजाने पोराला मारलं नाही, आपल्या मुदपाकखान्यात मांस भाजायच्या सळया फिरवायला ठेवलं. "पोर वाचलं," सर म्हणायचे. "आयरिश कापले गेले."

दुसरा वॉर्बेक, नावाड्यांच्या गावातला, गोरागोमटा. एका व्यापाऱ्याची रेशमी वस्त्रं अंगावर घालून बंदरात उतरला तर लोक म्हणाले, हा कोणी राजपुत्रच. मोठमोठ्या राजांनी त्याला पुढे केलं, कारण प्रत्येकाला इंग्लंडच्या राजाशी हिशेब चुकता करायचा होता. जहाजं घेऊन तो इंग्लंडला आला. डील नावाच्या किनाऱ्यावर आधी आपली माणसं उतरवली. किनाऱ्यावरचे लोक दबा धरून बसले होते. वाळूतच त्यांनी उतरलेल्यांची खांडोळी केली. जे हाती लागले त्यांना पुढे फासावर चढवून समुद्राच्या कडेकडेने टांगलं, येणाऱ्या जहाजांना दिसावं म्हणून.

"और वो?" रामसेवकने विचारलं. पंख्याच्या भांडणापासून रामसेवक सरांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी झाला होता.

"वो जहाज से देख रहा था."

"उतरा नहीं?"

"नहीं उतरा. जहाज घुमाया, चला गया."

रामसेवकने आपली बादली जरा पुढे सरकवली. मग म्हणाला, "सच्चा था कि झूठा?"

सरांनी सुरी खाली ठेवली. हा प्रश्न कोणीही विचारला की ते चिडायचे. "तोतया खरा की खोटा हे मागाहून बघायचं," ते मला मराठीत म्हणाले, जणू प्रश्न मीच विचारला होता. "आधी विचारायचं, त्याच्यासाठी मरणार कोण. मुलांच्या पेपरात हा प्रश्न मी दर वर्षी घालायचो. एकाने धड उत्तर लिहिलं असेल तर शपथ."

त्याच काळात सौदीकरणाचे नियम कडक झाले होते. कंपनीत सौदी माणसं किती, यावर सरकारकडून कंपनीला हिरवा, लाल असा रंग मिळायचा. आमच्या यार्डात मालक आणि त्याचा मुलगा सोडला तर सौदी कोणीच नव्हतं. कंपनी लाल रंगात गेली आणि इकाम्यांचं, म्हणजे राहण्याच्या परवान्यांचं, नूतनीकरण थांबलं. इकामा संपलेला माणूस रस्त्यावर सापडला की उचलला जायचा. पोरं कॅम्पबाहेर पडेनाशी झाली. घरी जायचं म्हटलं तरी कागद नाही आणि राहायचं म्हटलं तरी कागद नाही.

त्यात आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही सगळे होतो तो यार्डाचा म्हातारा मालक, वारला. चांगला माणूस होता. रमजानमध्ये आमच्यात जमिनीवर बसून जेवायचा. त्याच्यामागे मुलगा सालेम. सगळं सरळ सालेमकडे जायचं, पण चाळीस दिवसांच्या आत म्हाताऱ्याचा भाऊ हमद एका तरुणाला घेऊन यार्डात आला. माजेद नाव. पंचविशीचा असेल, सडपातळ, नुकताच शिवलेला पांढराशुभ्र थोब, अरबांचा पायघोळ झगा, घातलेला, आणि बोली थेट कैरोची. हमद म्हणाला, माझ्या भावाने इजिप्तमध्ये लग्न केलं होतं, हा त्याचा मुलगा, वारसा याचाही आहे, आणि याच्या वतीने बोलणार मी. सालेम म्हणाला, हा भाड्याने आणलेला माणूस आहे. प्रकरण कोर्टात गेलं.

त्या संध्याकाळी मी सरांना गमतीने म्हटलं, "सर, तुमचा वॉर्बेक आला की हो."

सर सुलेमानी चहा पीत होते. तो पेला त्यांनी माझ्या पायाशी फोडला. "पुस्तकातल्यांना मरून पाचशे वर्षं झाली," ते म्हणाले. "इथे अजून सगळे जिवंत आहेत. जिभेला आवर घाल."

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात तळलेल्या सुरमईच्या तीन तुकड्या होत्या.

कोर्टाचा निकाल लागेपर्यंत यार्ड ज्याच्या ताब्यात त्याचं पारडं जड, असं दोन्ही बाजूंना वाटायला लागलं. लाखो रियालची मशिनरी आत होती. हमदच्या फोरमनने कॅम्पमध्ये निरोप पसरवला: शुक्रवारी दुपारी असरच्या नमाजानंतर आम्ही यार्ड ताब्यात घ्यायला येतोय, जो आमच्या बाजूने गेटवर उभा राहील त्याचा इकामा सगळ्यात आधी.

सरांनी त्या दुपारी मेसचं दार लावून घेतलं आणि दारात उभे राहिले. मी आतच होतो. पंधरावीस जण जायला निघाले होते. पुढे रामसेवक, हातात स्कॅफोल्डिंगचा पाइप.

"कहां?" सर म्हणाले.

"गेट पे, सर."

"डील भूल गया?"

"नहीं भूला." रामसेवकचा आवाज शांत होता. "लेकिन सर, वो कहानी है. मेरा इकामा सच में खतम है. बेटी पैदा हुई, चलने लगी, बोलने लगी. मैंने फोन पे देखी है बस. कागज मिलेगा तो जाऊंगा. आप देंगे कागज?"

 रामसेवक एक पाऊल पुढे आला. सरांनी त्याच्या तोंडात मारली. इतक्या जोरात की त्याची टोपी उडून टेबलाखाली गेली.

रामसेवक टोपी घ्यायला वाकला नाही. "हटिए, सर," एवढंच म्हणाला.

सर बाजूला झाले. असं त्यांना बाजूला होताना मी कधी पाहिलं नव्हतं. सात-आठ जण रामसेवकबरोबर गेले, त्यात दिलबहादूरही होता. बाकीचे बसून राहिले. सर दारातल्या पायरीवर बसले आणि ज्या हाताने मारलं होतं तो हात मांडीखाली दाबून धरला.

यार्डाचं गेट मेसपासून हाकेच्या अंतरावर होतं. आधी गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, मग पत्र्यावर लोखंड आपटावं तसा आवाज. सालेमनेही माणसं आणून ठेवली होती. कुठल्या तरी ठेकेदाराकडची, आमच्यासारखीच परदेशी, आमच्यासारखीच कागद संपलेली. ती कंटेनरमागे दबून बसली होती. आमचे लोक गेटमधून आत शिरले आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर पाइप पडायला लागले.

सर उठले आणि रिकाम्या हातांनी पळाले. साठीला टेकलेला माणूस, लुंगीत, अनवाणी. त्यांच्यामागे मी आणि आणखी काही जण. गेटवर जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. एकाचा जबडा लोंबत होता. दिलबहादूर गुडघ्यांवर रांगत होता आणि एक जण त्याच्या पाठीत लाथा घालत होता. सरांनी त्याला मागून मानेला धरून भिंतीवर आपटला. दुसऱ्याने सरांच्या डाव्या हातावर पाइप मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सरांनी त्या हाताकडे पाहिलंही नाही. ते ओरडत होते, "बस करो, तुम भी मजदूर हो, बस करो." कोणाला ऐकू जात होतं कोणास ठाऊक.

रामसेवक गेटच्या आत, वाळूत उताणा पडला होता. कपाळाची एक बाजू आत गेली होती. डोळे उघडे होते. सर त्याच्याजवळ बसले, त्याचं डोकं मांडीवर घ्यायला गेले आणि हाताला काय लागलं कोणास ठाऊक, तसंच सावकाश परत खाली ठेवलं. रामसेवकने ओठ हलवले. सर कान लावून ऐकत राहिले. मग त्यांनी ऐकणं थांबवलं.

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे हमदची मोठी पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू, काचा बंद. हमद स्वतः केव्हाच दुसऱ्या गाडीतून निघून गेला होता. मागच्या सीटवर माजेद बसला होता आणि काचेतून बघत होता.

सर चालत गेले, पळाले नाहीत. दार उघडलं, उजव्या हाताने माजेदचा गळा धरला आणि त्याला बाहेर ओढला. थोब टरकन फाटला. त्याला तसाच फरफटत गेटच्या आत आणला, रामसेवकजवळ उभा केला आणि म्हणाले, "शूफ." बघ.

माजेदने पाहिलं आणि तोंड फिरवलं. सरांनी त्याला मारलं. तोंडावर, मूठ वळून. तो पडला, त्याला उठवलं आणि पुन्हा मारलं. माजेदने हात वर केले नाहीत. तोंडातून रक्त गळत असताना तो एकच बोलत होता, "मला गाडीत बस म्हणाले. मला म्हणाले, उतरायचं नाही." त्याची अरबी मला समजत होती, सरांनाही समजत होती. ते मारतच राहिले. आम्ही चौघांनी मिळून त्यांना ओढलं तेव्हा त्यांचा मोडलेला हात कोपराखाली भलत्याच दिशेला लोंबत होता.

पोलीस आले. पाइप मारणारे काही धरले, काही पळाले. सरांनी कुठे पळायचा प्रश्नच नव्हता. ते रामसेवकजवळ बसले होते. हवालदाराने रामसेवककडे बघत विचारलं, याला कोणी मारलं, तर त्यांनी माजेदकडे बोट केलं. मग जरा थांबून म्हणाले, "नाही. याला मी मारलं." म्हणजे माजेदला. त्यांना घेऊन गेले.

पुढचे काही महिने सर दम्मामच्या तुरुंगात होते. कॅम्पला नवा बॉस आला, सज्जन होता, कोणाला मारत नसे. शुक्रवारी ओट्यावर कोणी बसेनासं झालं. रामसेवकचं शव सिवानला गेलं, तेवढ्यासाठी मात्र कागद लगेच मिळाला. दिलबहादूर बरा झाला, पण त्याची एक बाजू कायमची वाकडी राहिली. पंख्याखालच्या पलंगावर झोपायला तो काही केल्या तयार होईना.

मग कोर्टाचा निकाल लागला. कैरोचा निकाह खरा निघाला. माजेद म्हाताऱ्याचाच मुलगा होता. त्याला पुढे करून यार्ड बळकावायचा खेळ हमदचा होता, पोराचा वारसा खरा होता. सालेमने फार ताणलं नाही. वाटणी झाली, आणि वडिलांमुळे माजेदचे सौदी कागद झाल्यावर सालेमने त्याला कंपनीच्या रिसेप्शनवर बसवला. एक सौदी माणूस पगारावर दाखवता आला. त्यामागोमाग आणखी दोन घेतले. कंपनी लालमधून बाहेर आली आणि आमचे इकामे एकामागून एक व्हायला लागले. मी सकाळी कामावर जाताना माजेद काउंटरमागे बसलेला असायचा. पुढचे दोन दात नसल्यामुळे तो तोंडावर हात धरून बोलायचा.

एक दिवस त्याने मला थांबवलं. सरांवरचा त्याचा दावा त्याने मागे घेतला होता, आदल्याच दिवशी पोलिसांत जाऊन सही करून आला होता. आता सरांना सोडणार होते, पण देशाबाहेर पाठवायचं, परत यायची मनाई. "त्यांचं सामान कोण नेणार?" त्याने विचारलं.

"मी नेईन," मी म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "दावा का सोडलास?"

तो जरा वेळ काउंटरवरचे कागद सारखे करत राहिला. "त्या दिवशी मी गाडीतून उतरायला हवं होतं," तो म्हणाला. "दाराला आतून कुलूप नव्हतं."

परत पाठवायच्या लोकांना ठेवायचं केंद्र शहराबाहेर होतं. मी सरांची सूटकेस घेऊन गेलो. जाळीपलीकडे ते आले. दाढी वाढलेली, डावा हात जुळला होता पण सरळ होत नव्हता. पोलिसाने पाच मिनिटं दिली.

"रामसेवक गेला ना नीट?" त्यांचा पहिला प्रश्न.

"गेला, सर."

"आणि तो?"

मी सगळं सांगितलं. निकाल, रिसेप्शन, दावा मागे घेतल्याचं, दाराला कुलूप नव्हतं ते.

सर जाळीला कपाळ टेकून ऐकत होते. "म्हणजे खरा होता," ते म्हणाले.

"हो."

"मी म्हणायचो, खरं-खोटं मागाहून बघायचं." त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. "मागाहून म्हणजे हे असं."

मी म्हटलं, "सर, तुम्ही नसतात तर दिलबहादूरही गेला असता."

"रामसेवकच्या तोंडात मी मारली नसती तर तो थांबला असता का रे?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "माहीत नाही, सर," मी म्हटलं.

ते हसले. माझ्या ओळखीत एवढं साधं ते कधी हसले नव्हते. "आता बरोबर उत्तर दिलंस," ते म्हणाले. पोलिसाने हाक मारली, "यल्ला." चला. सरांनी सूटकेस घेतली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत पुढे दोघांची ढकलाढकली चालली होती. मला वाटलं, आता सर मध्ये पडतील. ते नुसते उभे राहिले.

बस निघेपर्यंत मी फाटकाबाहेर थांबलो. ऊन कलतं होतं आणि बस माझ्या अगदी जवळून वळली. सर खिडकीशी बसले होते. मी हात वर केला. त्यांचं डोकं काचेला टेकलेलं होतं, तोंड थोडं उघडं होतं. ते गाढ झोपले होते.